बांधापलीकडचा टावर

सीमाच्या कंपनीनं दिलेला लॅपटॉप हौसरावांच्या वस्तीवर आला, तेव्हा तो ठेवायचा कुठं हेच घरात कुणाला कळेना. कपाटात ठेवावा तर उंदीर. खाटेवर ठेवावा तर ओवी रांगत येऊन त्यावर चढणार, कारण तिला नुकतंच रांगता यायला लागलं होतं आणि घरातली प्रत्येक वस्तू चढण्यासाठीच आहे असा तिचा समज होता. देवळीत तो मावेना. शेवटी पुतळाबाईंनी, म्हणजे सीमाच्या सासूनं, गव्हाच्या कोठीवर धुतलेलं पोतं अंथरलं आणि त्यावर तो अलगद ठेवला. मग येता-जाता त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. दारात पाहुणा बसलाय आणि चहाला नाही म्हणतोय, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं.

"काय लागतं त्याला?" हौसरावांनी विचारलं. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत.

"नेट लागतं, आप्पा. मधीच तुटणारं न्हाई, चांगलं."

"मग घ्या की. न्हाई कोण म्हणतंय?"

न्हाई कुणीच म्हणत नव्हतं. पण कुठलं घ्यायचं, हेही कुणी सांगत नव्हतं. म्हणजे सांगत होते सगळेच, आणि तिथंच तर घोळ होता.

सीमाचं माहेर शिरूर तालुक्यातलं निमोणं. लग्नाआधीपासून ती रांजणगावला एका कंपनीच्या ऑफिसात बिलं तपासायचं काम करी. लग्न होऊन ती भीमा ओलांडून दौंड तालुक्यात आली, पाटसच्या अलीकडं, उसाच्या रानात. ओवी झाली आणि ती रजेवर गेली. आता रजा संपली होती. ऑफिसातल्या अनिता मॅडमनी तिच्यासाठी साहेबांकडं शब्द टाकला आणि घरून काम करायची मुभा मिळवली. अट मात्र एकच होती. सोमवारी सकाळी दहाला व्हिडिओवर बसून काम चालवून दाखवायचं. चाललं तर घरून. नाही तर एक तारखेपासून ऑफिसात हजर, आणि तेही जमत नसेल तर तसं कळवायचं. कळवायचं म्हणजे काय ते सीमाला कळत होतं. अंगावर पिणारं लेकरू टाकून, चौफुला गाठून, तिथून न्हावऱ्याची गाडी धरून रांजणगाव, आणि तसंच माघारी. ओवी तोवर कशावर राहील? सीमाचे तर दोन तास झाले की ब्लाउज भिजायचे.

तिच्या फोनवरून लॅपटॉप जोडून बघून झालं होतं. मॅडमचा पहिला फोन आला तेव्हा "नमस्कार" म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच पडद्यावर उघडं राहिलं.

"सीमा, तुझा चेहरा थांबलाय," मॅडम म्हणाल्या. एवढं ऐकू आलं, आणि मॅडमही थांबल्या.

मागं उभ्या पुतळाबाई म्हणाल्या, "दृष्ट लागल्यावाणी झालं गं."

कंपन्यांची नावं इंग्रजी. घरात ती कुणी घेत नसे. पाकिटाच्या रंगावरून पिवळं, जांभळं, हिरवं म्हणायचे. सीमाच्या फोनमध्ये निमोण्यात घेतलेलं पिवळं होतं. तिचा भाऊ रविराज फोनवर सांगायचा, "ताई, पिवळंच राहू दे. आमच्याकडं गच्चीवर बसलं की वाऱ्यासारखं पळतंय." पण निमोण्यातली गच्ची इथं कुठून आणायची? इथं पिवळं फक्त उकिरड्याजवळ यायचं, तेही नळाला पाणी आल्यासारखं, कधी आहे कधी नाही.

सीमाचा नवरा विक्रम उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. तो म्हणाला, "जांभळं घे. कारखान्यावर नंबरला उभं राहिलो की समदे डायवर जांभळ्यावरच पिच्चर बघत्यात. एकाचा बी अडकत न्हाई."

"तो कारखान्यावर. मला घरी पाहिजे."

"कारखाना काय परदेशात हाय व्हय?"

आणि पुतळाबाई, आप्पा बाहेर गेलेत हे दारातून डोकावून बघून, हळूच म्हणाल्या, "हिरवं का न्हाई घेत? त्यो बघ की, समोर उभा हाय."

समोर म्हणजे बांधापलीकडं, शंकररावांच्या रानात. उसाच्या शेंड्यांवरून टावराचं टोक दिसायचं. त्याच्या फाटकावर हिरव्या कंपनीची पाटी होती. शंकरराव आप्पांचे सख्खे चुलतभाऊ. कंपनीचे लोक जागा बघायला आले तेव्हा आधी आप्पांच्या माळाच्या तुकड्यावर टेप लावून गेले होते. मग शंकररावांनी त्यांना चहाला नेलं, आणि चहा पिऊन माणसं बाहेर आली ती शंकररावांच्याच तुकड्याकडं वळली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं-पाणी तुटलं. लग्नकार्यात पंगत वेगळी, हळदीकुंकवाला जाणं नाही. जाईबाई, शंकररावांची बायको, ओवी झाली तेव्हा बाळंतविडा घेऊन निघाली होती. ती बांधापर्यंत आली, तिथं थोडा वेळ उभी राहिली आणि तशीच माघारी गेली.

आप्पांनी आत येता-येता शेवटचा शब्द ऐकलाच.

"शंकऱ्याच्या टावरचं हिरवं ह्या घरात येणार न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "दुसरं कुठलं बी आणा."

शनिवारी बाजाराच्या निमित्तानं आप्पा, विक्रम आणि सीमा केडगावला गेले. ओवी सीमाच्या कडेवर. स्टेशनच्या रस्त्याला नवनाथचं मोबाईलचं दुकान होतं. त्यानं काचेवर एक चपटा काळा डबा ठेवला, साबणाच्या वडीएवढा. ह्यात सिम घालायचं, ह्यातून लॅपटॉपला नेट जातं, फोन मोकळा राहतो, असं तो विक्रमला सांगत होता. विचारत होती सीमा आणि उत्तरं मिळत होती विक्रमला. विक्रम डब्याकडं बघून मान हलवत होता. ट्रॅक्टरच्या मेस्त्रीपुढं तो अशीच मान हलवायचा.

"व्हिडिओ आणि आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर दोन्ही एकदम चालेल का?" सीमानं विचारलं.

"दादा, समदं चालंल," नवनाथ विक्रमला म्हणाला.

"कुठलं सिम घालू मग?"

"जांभळं घाला. पिवळं बी भारी हाय. तसं वस्तीवर कुठलं लागंल ते वस्तीच सांगणार."

आता मात्र आप्पा पुढं झाले. "असं कर, दोन्ही दे. आम्ही चालवून बघतो. लागलं ते ठिवतो, न लागलं ते माघारी."

नवनाथ हसला. "आप्पा, सिम हाय ते. एकदा नावावर चढलं की चढलं."

"अरं, बैल घेताना बी औताला धरून बघत्यात. दावणीला रवंथ करताना समदेच बैल चांगले दिसत्यात."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. एका कॉलेजच्या पोरानं तर फोनमधून मान वर काढून आप्पांच्या धोतराकडं बघितलं. सीमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आप्पांचा तिला राग आला. मग हसणाऱ्यांचा आला. मग वाटलं, म्हणतायत ते काही खोटं नाही. तिला काय वाटतंय हेच तिला कळेना. नवनाथनं शेवटी आप्पांच्या वयाकडं बघून स्वतःचं पिवळं सिम सोमवारपर्यंत वापरायला दिलं, आणि डबा न् जांभळं सिम विकत दिलं.

वस्तीवर आल्यावर औताला धरायचा कार्यक्रम सुरू झाला. आधी घरात. पिवळं घातलं, डब्यावरचा दिवा लाल. जांभळं घातलं, लाल. मग पडवीत. मग गोठ्यात, तिथं पत्र्याखाली दिवाच लागेना. सीमा लॅपटॉप उघडा धरून आरतीच्या ताटासारखा फिरवत होती. आप्पा मागून डबा उंच धरून चालत होते. त्यांचा गुडघा दुखरा, त्यामुळं डबा एका बाजूला झुकायचा. ओवीला काखेत घेऊन पुतळाबाई त्यांच्या मागून, आणि कुत्रं सगळ्यांच्या मागून.

"आलं का?"

"न्हाई."

"आता?"

"आलं. गेलं."

उसाच्या कडेला पाल्यानं सीमाचे हात कापले, बारीक बारीक लाल रेघा उठल्या, आणि घाम लागून त्या चुरचुरायला लागल्या. आत शिरायची सोय नव्हती. मागच्या महिन्यात पलीकडच्या वस्तीवरची शेळी बिबट्यानं नेली होती.

ऊसतोडीची टोळी रस्त्याकडच्या फडात तोडत होती. तिथं विक्रमची ट्रॉली भरून उभी होती. विक्रमला काय सुचलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "वर चढ."

मोळ्यांवर पाय देत, साडी खोचून सीमा ट्रॉलीच्या माथ्यावर गेली. खालून आप्पांनी डबा वर दिला. दिवा हिरवा झाला. पिवळ्यावर झाला, जांभळ्यावर त्याहून टच्च. लॅपटॉपवर मॅडमच्या सॉफ्टवेअरचं पान धाडकन उघडलं.

"चालतंय," ती वरून म्हणाली. "जांभळं चालतंय."

टोळीतली धुरपदा डोक्यावर मोळी घेऊन खालीच उभी होती. ती म्हणाली, "बाई, मग कारखान्यावर जाईस्तोवर काम उरका. तिथं गाळपाच्या गव्हाणीत ऊस तुमच्यासकट टाकत्याल."

सगळे हसले, सीमाही हसली. पण वर उभी असताना तिला एक गोष्ट दिसली होती. रस्त्याकडं तोंड केलं की दिव्याचा रंग उतरायचा. शंकररावांच्या रानाकडं तोंड केलं की भरायचा. तिनं दोनदा वळून बघितलं. जांभळ्याचा आणि हिरव्या कंपनीच्या टावराचा काय संबंध? आपल्यालाच काही कळत नसेल. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

घर आणि आभाळ यांच्या मधी ऊस येतोय, एवढं मात्र आप्पांना पटलं. त्यांच्या हिशेबानं नेट वरून, पावसासारखं यायचं आणि ऊस ते अडवायचा. पूर्वेचा फड, घराला लागून असलेला, सगळ्यात दाट आणि उंच. आप्पा मुकादमाकडं गेले.

"पूर्वेचा तुकडा आदी घ्या, सोपानराव."

"असं कसं? रस्त्याकडचा उरकल्याशिवाय ट्रॉली आत जायची न्हाई. आमची बायामाणसं मोळ्या लांबवर वाहत्याल का?"

"बिबट्याची भीती हाय हो. घरात बारकं लेकरू हाय."

"बिबट्या काय आजच आला?"

गावच्या सोसायटीत ज्यांना खुर्ची मिळायची ते आप्पा, टोपी हातात घेऊन उसाच्या पाचटात उभे होते. सीमा चहाची किटली घेऊन तिथंच आली होती. तिला तिथून पळून जावंसं वाटलं आणि पायही निघेना.

"सुनंची नोकरी हाय," आप्पा शेवटी जमिनीकडं बघत म्हणाले. "उद्याच्याला घराजवळचा मोकळा व्हायला पायजे. टोळीला कोंबड्याचं जेवण माझ्याकडं."

सोपानरावांनी सीमाकडं बघितलं, मग कोयता पुसत म्हणाले, "गावरान कापायचं. पांढरं न्हाई चालायचं."

रविवारी धुकं निवळायच्या आत कोयते सुरू झाले. बायका मोळ्या लांबवर वाहून नेताना आप्पांच्या नावानं बोटं मोडत होत्या. पुतळाबाई आणि सीमा चुलीपुढं. मसाला वाटून सीमाच्या खांद्यातून कळा निघाल्या, तेवढ्यात ओवीला पाजायची वेळ व्हायची, मग पुन्हा भाकऱ्या. दुपार कलताना शेवटची ओळ आडवी झाली आणि घरापुढं एवढी जागा मोकळी झाली की पुतळाबाईंना अंगणात बसायची लाज वाटायला लागली. खोडव्याच्या बुडख्यांपलीकडं थेट बांध, बांधापलीकडं शंकररावांचं घर, आणि टावर, पायापासून टोकापर्यंत.

सीमानं कोठीजवळ बसून डबा चालू केला. हिरवा दिवा, घरात.

तिनं मॅडमना लावलं, रविवार असूनही. मॅडम हलत होत्या, बोलत होत्या, त्यांच्या मागं त्यांचा मुलगा पतंग गुंडाळत होता तोही दिसला.

आप्पा दारात उभे राहून बघत होते. "बघ," ते पुतळाबाईंना म्हणाले. "शंकऱ्याच्या टावरावाचून काय अडलं?"

सोमवारी भल्या पहाटे धाडकन आवाज झाला आणि दिवे गेले. डीपी जळाली होती. गावाकडची अर्धी वस्ती अंधारात होती, पण सीमाला काळजी नव्हती. लॅपटॉप भरलेला, डबा भरलेला. तिनं न्हाऊन इस्त्रीची कुर्ती घातली, खाली साधा परकरच, कारण खालचं दिसत नाही. ओवीला पोटभर पाजलं. नऊ वाजून गेले तशी ती कोठीपुढं बसली. दिवा हिरवा होता.

मग लाल झाला.

तिनं डबा बंद करून चालू केला. लाल. खिडकीत नेला, अंगणात नेला, बुडख्यांतून थेट बांधाच्या दिशेनं चालत गेली. लाल. पळत येऊन नवनाथचं पिवळं घातलं. लाल. स्वतःचा फोन बघितला, त्यात एक काडीसुद्धा नव्हती.

"आप्पा, तुमच्या फोनला रेंज हाय का?"

आप्पांनी बटनांचा फोन डोळ्यांपासून लांब धरला. "न्हाई दिसत."

"आत्या, तुमच्या?"

पुतळाबाईंच्या फोनलाही नव्हती. सगळ्यांचं एकदम गेलं होतं. पुतळाबाई तिघांच्या फोनांकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "तिन्ही चुली एकदम इझल्या, म्हंजी लाकडं एकाच मोळीची."

"म्हंजी?" आप्पा म्हणाले.

सीमानं टावराकडं बघितलं. आता ते दडवण्यात अर्थ नव्हता. "आप्पा, पाटी हिरव्याची हाय, पण त्यावर समद्यांचेच डबे टांगल्यात वाटतं. जांभळ्याचा, पिवळ्याचा. दुसरा टावर इथं हाय कुठं? लाईट गेली की त्याचा जनरेटर वाजतो. आज वाजला न्हाई. बॅटरी संपली, आन् समदंच गेलं."

आप्पांनी हातातला फोन उलटा करून बघितला. ह्याच फोनवरून त्यांनी उसाच्या नोंदीसाठी कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या साहेबांशी वाद घातला होता, विक्रमचं लग्न जुळवलं होतं, ओवी झाल्याचं पाव्हण्यारावळ्यांना कळवलं होतं. ह्याच फोनवर ते शंकररावांना शिव्या घालायचे.

"म्हंजी मी इतकी वर्सं त्याच्याच टावरवर बोलत हुतो?"

"व्हय वाटतं."

"आन् त्याला ठावं आसंल?"

सीमानं घड्याळाकडं बघितलं आणि ओवीला उचललं. "मी जाऊन विचारते. जनरेटर का बंद हाय एवढंच."

"तू बस तिथं," पुतळाबाईंनी तिच्या काखेतून ओवीला काढून घेतलं. "मशिनफुडं बस. तुझं त्वांड दिसाय पायजे त्यात. मी जाते."

"कुणी जायचं न्हाई," आप्पा म्हणाले, आणि बाहेर निघून गेले.

सीमा खाली बसली. रडायला येत होतं पण काजळ घातलं होतं. मनात ती वाक्यं जुळवत होती. मॅडम, मला जमणार नाही, तसं कळवते. मॅडम, एक महिना द्या. बाहेर गोठ्याकडं काहीतरी खणखणलं. ती उठून दारात आली.

आप्पा शेडमधनं डिझेलचा कॅन घेऊन निघाले होते. कॅन जड होता, दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला खांदा पडत होता. उसाची बुडखी चुकवत ते बांधाकडं चालले होते. दुसऱ्याच्या विहिरीवर जाताना माणूस आपला पोहरा आपला दोर घेऊन जातो, तसे.

बांधावर ते थांबले. पलीकडं शंकरराव न्याहारी उरकून चूळ भरायला अंगणात आले होते, ते हातात तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. कुणी कुणाला हाक मारली ते ह्या अंतरावरून कळेना. बहुतेक मारलीच नाही. आप्पांनी नुसता कॅन वर करून दाखवला. शंकररावांनी हात हलवून काहीतरी सांगितलं, डिझेल आणणारा पोरगा आलाच नाही, असं काहीसं असावं. मग जाईबाई आतून नरसाळं घेऊन आली. दोघं म्हातारे जनरेटरपाशी उकिडवे बसले. एकजण ओतत होता, एकजण नरसाळं धरून होता. दोघांच्या माना दोन दिशांना.

थड थड थड सुरू झालं.

सीमा पळत आत गेली. दिवा लाल, लाल, किती वेळ लाल, मग हिरवा. मॅडम आल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. मॅडमनी उशिराबद्दल बोलायच्या आत सीमानं बिलाचं पान उघडलं, आकडे टाकले, तपासून पाठवलं. पुन्हा एक. पुन्हा एक. काहीच थांबलं नाही, तिचा चेहराही नाही.

"ठीक आहे," मॅडम शेवटी म्हणाल्या आणि हसल्या. "कर घरून. फक्त कळव, नेट कुणाचं घेतलंस? इथं लिहावं लागतं."

सीमानं तोंड उघडलं. जांभळं म्हणावं तर टावर हिरव्याचा. टावर हिरव्याचा तर जमीन शंकररावांची. जमीन शंकररावांची तर आत्ता ते चालत होतं आप्पांच्या डिझेलवर. ह्यातलं कुठलं लिहायचं?

"घरचंच आहे, मॅडम," ती म्हणाली.

"घरचं म्हणजे?"

तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा आला. जनरेटरच्या वरताण आवाजात दोघं म्हातारे भांडत होते. "टेप आदी माझ्या माळाला लागला हुता," आप्पांचा आवाज. "मग च्या पाजायचा हुता की तू, कुणी धरलं हुतं," शंकररावांचा.

"सीमा, मागं कोण ओरडतंय? काही झालंय का?"

पुतळाबाई ओवीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभ्या राहून कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला.

"काय न्हाई," त्या मागं वळून म्हणाल्या. "बोलाया लागले."